मुलांच्या आहारातील आयोडीनचा हिशेब कसा ठेवावा: जादा आयोडीन कोठून येते आणि थायरॉइडवर काय परिणाम करते

मुलाच्या गळ्याशी, पुढच्या बाजूने, थोडी सूज दिसू लागली की बहुतेक घरांत पहिला विचार आयोडीनच्या कमतरतेचा येतो, आणि आपल्या देशाचा अनुभव पाहता तो चुकीचाही म्हणता येत नाही. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात केलेल्या कामातून, आयोडीनयुक्त मीठ मिळू लागले की मुलांमधील गलगंड घटतो, हे स्पष्ट झाले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे साध्या मिठाची खाण्यासाठी विक्री कायद्याने थांबवण्यात आली. मात्र गळ्याशी असलेली ही थायरॉइड ग्रंथी आयोडीन फार झाले तरीही सुजते आणि तिचे काम तेव्हाही मंदावू शकते, ही दुसरी बाजू पालकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. त्यामुळे कमतरतेच्या भीतीने एखादे घर मुलाला आयोडीनचे थेंब किंवा समुद्रशैवालाच्या गोळ्या सुरू करते आणि नसलेला आजार स्वतःच्या हाताने ओढवून घेते.

ज्याला हे टाळायचे आहे त्याने प्रथम एक गोष्ट पक्की धरावी. आपल्या नेहमीच्या स्वयंपाकातले आयोडीनयुक्त मीठ मुलाला जादा आयोडीन देत नाही, आणि ‘जादा’च्या भीतीने ते बंद करणे हा उपाय मूळ दुखण्यापेक्षा घातक ठरतो. जादा आयोडीन जवळजवळ नेहमी मिठाबाहेरच्या वस्तूंतून येते. म्हणून हिशेब मिठापासून सुरू करावा, पण मिठाशी थांबवू नये.

गरज किती आणि मर्यादा किती

आयोडीन मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि एक मिलिग्रॅम म्हणजे एक हजार मायक्रोग्रॅम. हे वाक्य कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवण्यासारखे आहे, कारण घरगुती चुकांपैकी सर्वांत मोठी चूक ही दोन मापे एकच समजल्याने होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला दिवसाला ९० मायक्रोग्रॅम, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला १२०, त्यापुढे मोठ्या माणसाइतके म्हणजे १५० आणि गरोदर किंवा स्तनदा आईला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते.

वरची सुरक्षित मर्यादा निरनिराळ्या देशांनी थोडी वेगवेगळी ठरवली आहे. अमेरिकेत ती १ ते ३ वर्षांसाठी २००, ४ ते ८ वर्षांसाठी ३००, ९ ते १३ वर्षांसाठी ६०० आणि १४ ते १८ वर्षांसाठी ९०० मायक्रोग्रॅम आहे. युरोपातील मर्यादा मोठ्या मुलांसाठी याहून कमी, म्हणजे ७ ते १० वर्षांना ३०० आणि ११ ते १४ वर्षांना ४५० अशी आहे. माझ्या मते पालकांनी यांतला कमी आकडाच धरावा. मुलाच्या बाबतीत सावधपणाने काही बिघडत नाही. एखाद्या दिवशी ही मर्यादा ओलांडली गेली म्हणून घाबरण्याचे कारण नसते. ही मर्यादा रोजच्या, आठवडेन् आठवडे चालणाऱ्या सेवनासाठी असते. मात्र तान्ह्या बाळाला ही सवलत लागू नाही, आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

मिठाचे माप घरीच घ्यावे

मिठातून किती आयोडीन जाते याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा ते एकदा मोजून पाहणे सोपे आहे. आमच्या घरी मिठाची एक किलोची नवी पुडी फोडली त्या दिवशी मी तिच्यावर पेनाने तारीख लिहून ठेवली. चार माणसांच्या घरात ती एकतिसाव्या दिवशी संपली. हजार ग्रॅमला एकतीसने आणि मग चारने भागले की माणशी दिवसाला आठ ग्रॅम येतात. त्यांतले काही भाताच्या पेजेबरोबर, काही लोणच्याच्या खारात आणि काही भाजी धुण्याच्या पाण्यात जाते. शिवाय लहान मुलाचे ताट मोठ्या माणसाच्या ताटापेक्षा लहान असते, म्हणून नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा वाटा पाच ग्रॅमच्या आसपास धरावा.

आपल्याकडच्या नियमाप्रमाणे दुकानातून घेतलेल्या आयोडीनयुक्त मिठात दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे लागते. सोयीसाठी ते १५ ते ३० धरू. पाच ग्रॅम मिठातून ७५ ते १५० मायक्रोग्रॅम येतात, शिजवताना त्यांतले सुमारे वीस टक्के जातात असे धरले की उरतात ६० ते १२०. म्हणजे गरज निम्मी ते कशीबशी पूर्ण भागते आणि मर्यादा फार दूर राहते. मुलाने रोज दहा ग्रॅम मीठ खाल्ले तरी आयोडीनची मर्यादा ओलांडली जाणार नाही. त्याआधी रक्तदाबाच्या दृष्टीने ते मीठ जड पडेल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, तेव्हा मीठ कमी करायचे असेल तर त्या कारणासाठी जरूर करावे, परंतु जे थोडे वापराल ते आयोडीनयुक्तच असावे. सध्या अनेक घरांत रोजच्या स्वयंपाकाला सैंधव, म्हणजे शेंदेलोण, वापरले जाते. उपवासाच्या दिवशी त्याला हरकत नाही, पण पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ असे लिहिलेले नसेल तर वाढत्या मुलाच्या रोजच्या जेवणात ते नको.

समुद्राची मासळी हीही अशीच निष्कारण संशयात येणारी वस्तू आहे. कोकणात आणि गोव्यात मुले आठवड्यातून चार-पाच दिवस मासे खातात आणि तेवढ्याने आयोडीन जादा होत नाही. दूध आणि अंडी यांचेही तसेच आहे.

खरा साठा कोठे असतो: समुद्रशैवाल

जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेट आहे. तेथील किनाऱ्यावर राहणाऱ्या मच्छीमार कुटुंबांमध्ये गलगंड आढळतो आणि त्याचे कारण कमतरता नसून आहारातला कोंबू आहे, असे जपानी डॉक्टरांनी १९६५ मध्ये मांडले. कोंबू हे तपकिरी रंगाचे, जाड पट्ट्यांसारखे समुद्रशैवाल असते आणि त्याचा अर्क हा जपानी रश्श्याचा पाया असतो. पुढे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच खंडांतील ६ ते १२ वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात होक्काइदोच्या किनाऱ्यावरील मुलांच्या लघवीतील आयोडीनचा मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, लिटरमागे ७२८ मायक्रोग्रॅम भरला. शालेय मुलांच्या समूहात ३०० आणि त्यापुढचा आकडा ‘अति’ समजतात, त्याच्या हा दुपटीहून अधिक आहे. या मुलांच्या थायरॉइड ग्रंथी आकाराने मोठ्या होत्या आणि दिवसाला ५०० मायक्रोग्रॅम किंवा अधिक आयोडीन सतत पोटात जात असेल तर मुलांची ग्रंथी वाढते, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. पालकांनी लक्षात ठेवावा असा एकच आकडा निवडायचा झाला, तर मी हा निवडेन.

टोकियो, सोल येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या स्वयंपाकघरात कोंबू सहज येतो, आणि आता पुण्या-मुंबईच्या दुकानांतही कोरियन व जपानी खाद्यपदार्थांच्या कप्प्यात तो मिळतो. त्याची पट्टी हातात घेऊन पाहावी: ती चामड्यासारखी कडक असते आणि वर पांढरी भुकटी पसरलेली असते. ही भुकटी म्हणजे आयोडीन नव्हे आणि बुरशीही नव्हे, ती शैवालातली एक साखर असते. भुकटी पुसली म्हणून आयोडीन कमी होत नाही. पाच सेंटीमीटर लांब आणि तितकाच रुंद तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन-तीन ग्रॅम भरतो. वाळलेल्या कोंबूच्या एका ग्रॅममध्ये साधारण २००० मायक्रोग्रॅम आयोडीन असते. म्हणजे त्या बोटभर तुकड्यात आठ वर्षांच्या मुलाच्या महिन्याभराच्या गरजेहून जास्त आयोडीन साठलेले असते. शिवाय उकळताना ते पाण्यात उतरते. त्यामुळे पट्टी काढून टाकून मुलाला फक्त रस्सा दिला, तर आपण नेमका आयोडीनचा भाग त्याला वाढलेला असतो. पट्टी वापरायचीच असेल तर ती उकळून पहिले पाणी ओतून द्यावे.

सगळी शैवाले सारखी नसतात, हेही तितकेच खरे. सुशीला गुंडाळतात ते नोरी सर्वांत सौम्य असते. त्याच्या एका पूर्ण पानात साधारण साठ-सत्तर मायक्रोग्रॅम आयोडीन असते, म्हणून मुलाने अधूनमधून दोन-तीन तुकडे खाल्ले तर त्यात वावगे काही नाही. वाकामे ग्रॅममागे शंभरच्या आसपास जाते, हिजिकी त्याच्या काही पट. हिजिकीमध्ये आर्सेनिकही असते, म्हणून ते मुलांना देऊच नये. आपल्या ओळखीचे चायना ग्रास हेही समुद्रशैवालापासूनच बनते, पण ते तयार करताना आयोडीन जवळजवळ सगळे निघून जाते, तेव्हा त्याच्या खिरीबद्दल किंवा जेलीबद्दल काळजी नको. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि मुले यांना तपकिरी समुद्रशैवाल आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा न खाण्याचा सल्ला दिलेला आहे. माझ्या दृष्टीने कोंबूच्या बाबतीत लहान मुलासाठी हाही सल्ला थोडा सैलच आहे.

शैवाल पुडीच्या दर्शनी बाजूला दिसेलच असे नाही. डिसेंबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात एका सोयादुधाची विक्री थांबवावी लागली, कारण त्यात चवीसाठी कोंबूचा अर्क घातलेला होता आणि ते पिणाऱ्यांमध्ये थायरॉइडचे विकार आढळले. मुलाला गाईचे दूध सोसत नाही म्हणून वनस्पतिजन्य दूध देणाऱ्या पालकांनी घटकांच्या यादीत ‘कोंबू’, ‘केल्प’, ‘सी-वीड’ हे शब्द शोधावेत. ‘नैसर्गिक’ हा शब्द तेथे काहीच सांगत नाही.

थेंब, गोळ्या, मलमे आणि तपासण्या

आहारानंतर औषधांच्या कपाटाकडे वळावे. मुलाची हुशारी किंवा उंची वाढावी म्हणून दिले जाणारे आयोडीनचे थेंब हा माझ्या पाहण्यातला सर्वांत धोकादायक प्रकार आहे. पाच टक्क्यांच्या ल्युगोल द्रावणाच्या एका थेंबात सुमारे सहा मिलिग्रॅम, म्हणजे सहा हजार मायक्रोग्रॅम आयोडीन असते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाची ही पन्नास दिवसांची गरज झाली, आणि एका थेंबाने डोळ्यांना काही मोठे दिल्यासारखे वाटतही नाही. असे द्रावण डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय घरात ठेवू नये. केल्पच्या, म्हणजे तपकिरी समुद्रशैवालाच्या, गोळ्यांचे वेगळे दुखणे आहे: शैवालातले आयोडीन जातीनुसार आणि समुद्रानुसार बदलते, त्यामुळे वेष्टनावरचा आकडा आणि गोळीतला खरा आकडा जुळेलच याची खात्री नसते. मल्टिव्हिटॅमिनमध्ये आयोडीन असेल तर ते किती, आणि मायक्रोग्रॅम की मिलिग्रॅम, हे वाचावे. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या निरोगी मुलाला ते वेगळे देण्याची सहसा गरज नसते.

पोव्हिडोन-आयोडीनचे जखमेवर लावण्याचे तपकिरी औषध प्रत्येक घरात असते. दहा टक्क्यांच्या द्रावणात मिलिलिटरमागे सुमारे दहा मिलिग्रॅम आयोडीन असते. मोठ्या मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर ते एक-दोनदा लावल्याने काही होत नाही, परंतु नवजात बाळाची त्वचा पातळ असते आणि तिच्यातून आयोडीन रक्तात उतरते. बाळाच्या नाळेवर किंवा मोठ्या भागावर ते रोज लावणे टाळावे, विशेषतः बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर. सीटी स्कॅनसाठी शिरेतून देतात त्या रंगद्रव्याच्या एका मिलिलिटरमध्ये ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक आयोडीन असते. तपासणी आवश्यक असेल तर ती करावीच. मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये असे सुचवले की तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना हे रंगद्रव्य दिल्यावर तीन आठवड्यांच्या आत थायरॉइडचे काम तपासून घ्यावे. डिस्चार्जच्या वेळी हा प्रश्न पालकांनी स्वतःहून विचारावा. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडारोन हे आयोडीन असलेले औषध चालू असलेल्या मुलाच्या थायरॉइडची तपासणी ठरावीक अंतराने होत असते, ती चुकवू नये.

ग्रंथीत नेमके काय होते

थायरॉइड रक्तातले आयोडीन ओढून घेते आणि त्यापासून संप्रेरक (हार्मोन) बनवते. आयोडीन एकदम फार आले तर ती संप्रेरक बनवणे तात्पुरते थांबवते. वोल्फ आणि चायकॉफ यांनी १९४८ मध्ये उंदरांवरील प्रयोगात हे दाखवले आणि या परिणामाला त्यांचेच नाव मिळाले. निरोगी ग्रंथी काही दिवसांत आयोडीन आत घेण्याचे दार थोडे लोटून घेते आणि काम पुन्हा सुरू होते. हे दार ज्याला लोटता येत नाही, त्याच्या संप्रेरकाची पातळी घटते, मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून येणारे टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक, वाढते आणि त्या दाबाखाली ग्रंथी सुजते. ज्या मुलाला थायरॉइडचा स्वप्रतिकारक आजार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते तो) आहे किंवा घरात तो पुष्कळ जणांना आहे, त्याच्या बाबतीत धोका जास्त असतो. याउलट ज्या ग्रंथीत आधीपासून गाठी आहेत किंवा जी दीर्घकाळ कमतरतेत राहिली आहे, ती जादा आयोडीन मिळताच भरमसाट संप्रेरक बनवू लागू शकते.

गर्भातील ग्रंथीला दार लोटण्याची ही क्षमता साधारण छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास येते. म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जादा आयोडीनचा फटका सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात बसतो, आणि मेंदूची वाढ पहिली दोन-तीन वर्षे थायरॉइडच्या संप्रेरकावर अवलंबून असल्याने येथे ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणण्याची सोय नसते. कोरियात बाळंतिणीला समुद्रशैवालाचे सूप देण्याची जुनी प्रथा आहे. आईने खाल्लेले आयोडीन दुधातून बाळाकडे जाते. तेथे राहणाऱ्या मराठी बाळंतिणीला शेजारणीने मायेने ते सूप आणून दिले तर एखादी वाटी घेण्यास हरकत नाही, पण ते रोजचे जेवण होऊ देऊ नये. आपल्याकडचे डिंकाचे आणि अळिवाचे लाडू या बाबतीत निर्धोक आहेत. स्तनपान मात्र कोणत्याही परिस्थितीत स्वतःच्या मनाने थांबवू नये.

मुलाकडे कसे पाहावे आणि तपासणी केव्हा करावी

थायरॉइड मंदावल्याची सर्वांत भरवशाची घरगुती खूण म्हणजे उंची. दाराच्या चौकटीवर दर सहा महिन्यांनी, अनवाणी, टाचा भिंतीला लावून पेन्सिलीने रेघ मारावी आणि शेजारी तारीख लिहावी. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटीमीटर वाढते. दोन वर्षांच्या रेघा एकमेकींना चिकटू लागल्या आणि वजन मात्र वाढत राहिले, तर डॉक्टरांकडे जावे. त्याबरोबर बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, थंडी न सोसणे, नेहमीचा उत्साह हरवणे, अभ्यासात मागे पडणे यांकडे लक्ष ठेवावे. उलट प्रकारात मूल खूप खाऊनही रोड होते, हात थरथरतात, छातीत धडधडते, झोप लागत नाही आणि शाळेतून चंचलपणाची तक्रार येते. गळ्याची सूज पाहण्यासाठी मुलाला उजेडात बसवून हनुवटी किंचित वर करायला सांगावी आणि पाण्याचा घोट गिळायला लावावा; गिळताना वरखाली सरकणारा फुगवटा दिसला तर तो दाखवून घ्यावा. तान्ह्या बाळात फार झोप, दूध ओढण्यात मंदपणा, लांबलेली कावीळ किंवा बद्धकोष्ठ असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

डॉक्टर सहसा टीएसएच आणि मुक्त टी-४ (रक्तातले मोकळे थायरॉइड संप्रेरक) तपासतात, गरजेनुसार प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आणि सोनोग्राफी सांगतात. लघवीतील आयोडीनची एकच तपासणी करून मुलाचे आयोडीन ‘जास्त’ ठरवता येत नाही, कारण तो आकडा कालच्या जेवणावरही हलतो; ती तपासणी गावाची किंवा शाळेची स्थिती समजण्यासाठी उपयोगी पडते. मुलाला केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व असलेले गमीज (चघळण्याच्या गोळ्या) चालू असतील तर प्रयोगशाळेला तसे सांगावे आणि डॉक्टरांना विचारून ते रक्त देण्याच्या किमान दोन दिवस आधी थांबवावे, कारण बायोटिनमुळे टीएसएचचा आकडा चुकीचा येऊ शकतो.

जादा आयोडीनचे कारण सापडले आणि ते थांबवले, तर पुष्कळ मुलांची ग्रंथी काही आठवड्यांत पूर्ववत होते. म्हणून डॉक्टर थोडे थांबून तपासणी पुन्हा करायला सांगतात, आणि बाळाच्या बाबतीत काही काळ थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचे संप्रेरक औषध म्हणून, सुरू करतात. कोणाच्या घरातली उरलेली थायरॉक्सिनची गोळी मुलाला देऊ नये, आणि डॉक्टरांनी सुरू केलेली आपण होऊन बंदही करू नये. जाताना मागच्या तीन महिन्यांची यादी सोबत न्यावी: कोणते मीठ, किती दिवसांत पुडी संपते, शैवालाचे कोणते पदार्थ, कोणते थेंब, कोणते मलम, सीटी स्कॅन झाले असल्यास त्याची तारीख. औषधांची नावे आठवून सांगण्यापेक्षा बाटल्या आणि पुड्याच पिशवीत घालून न्याव्यात, कारण मात्रा मायक्रोग्रॅममध्ये आहे की मिलिग्रॅममध्ये, हे त्यांच्या मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांतच लिहिलेले असते.